यादीतलं सहावं नाव

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि नात्यानं माझे थोरले चुलतभाऊ, आमचे अण्णा, श्री. कृष्णमूर्तिराव, पुण्याहून दोन गाड्या बदलून इथवर आलेले प्रमुख पाहुणे प्राध्यापक शशांक वर्तक, आपल्या कावेरीतीर मराठी मंडळाचे चिटणीस सेतुरामराव, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, समोर बसलेले आप्तेष्ट, शेजारीपाजारी, कॉलेजातले माझे सहकारी, आणि जेवणाच्या हॉलचं दार नजरेसमोर राहील अशा बेतानं शेवटची रांग धरून बसलेले माझे विद्यार्थी! तुम्हा सर्वांना विजयलक्ष्मीचा सादर नमस्कार.

वर्तकसर, आधीच सांगून टाकते. पाहुण्यांच्या मानासाठी मी आज पुस्तकातून शिकलेली मराठी बोलणार आहे, पण मध्येच आमची घरची घुसेल. तीनशे वर्षांपूर्वी आमचे पूर्वज तंजावरला आले ते जी मराठी घेऊन आले, तीच आम्ही तमिळच्या लोणच्यात मुरवून खातो. तुम्हाला हसू आलं तर हसा. मघाशी आमच्या श्रीविद्यानं स्वागतगीत म्हटलं तेव्हा तुम्ही रुमाल तोंडाला लावला होतात, तो सर्दीसाठी नव्हता हे मला कळलं.

कॉलेजानं मे महिन्यात मला निरोप दिला. इंग्रजीत भाषणं झाली, तमिळमध्ये झाली, घड्याळ मिळालं. मग आज हा दुसरा समारंभ कशाला, असं कुणी विचारील. हा आपल्या माणसांचा. इथं मला मॅडम म्हणत नाहीत, रघुनाथरावांची विजी म्हणतात. शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. हार मात्र मी घालून घेतला नाही, आणि तुमच्यात कुजबुज झाली ती मला ऐकू आली. बाईला साठीत गर्व चढला, असं कुणीतरी म्हणालं. चढला असता तर बरं झालं असतं हो.

कारण सांगते. समारंभाच्या आरंभी आपल्या रिवाजाप्रमाणे सेतुरामांनी वर्षभरात दिवंगत झालेल्या आपल्या मंडळींची नावं वाचली. पाच नावं. आपण सगळे एक मिनिट उभे राहिलो. त्या यादीत एक नाव कमी आहे. ते सहावं नाव घालून घ्यावं, एवढ्यासाठी मी आज इथं उभी आहे. सत्कार ही निमित्ताची गोष्ट. अडचण अशी की मी ज्या बाईची निधनवार्ता तुम्हाला देणार आहे, ती परवापरवापर्यंत जिवंत होती हेच या सभेला मान्य नाही. आणि ते मान्य नसण्यात माझा हात आहे. अण्णा, तुम्ही सकाळी मला जे बजावलंत ते मी विसरलेले नाही. रागावू नका. रागावायचं असलं तर जेवण झाल्यावर रागवा.

माझा विषय काय, हे इथं निम्म्या लोकांना माहीत नाही. तीस-पस्तीस वर्षं 'विजी अमेरिकेचं काहीतरी शिकवते' एवढ्यावर भागलं. अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेली माणसं, पोटासाठी समुद्र ओलांडून गेलेली माणसं, आणि ज्यांची ती जमीनच होती पण ज्यांना बाजूला सारलं ती माणसं; यांनी काय लिहिलं आणि यांचे फोटो कुणी, कसे काढले, हा माझा अभ्यास. शाळेत घातल्यावर केस कापलेली आदिवासी मुलं. फोटो पाहून पसंत झालेल्या, कधी न पाहिलेल्या नवऱ्याकडे बोटीनं निघालेल्या जपानी मुली. माझे वडील अप्पा म्हणायचे, "कुंभकोणमच्या पोरीला त्यांचं काय करायचंय?" मी मोठमोठी उत्तरं द्यायची. खरं उत्तर आमच्या घरातल्या भिंतीवर टांगलेलं होतं.

आमच्या दक्षिणेच्या भिंतीवर एक फोटो होता. एकोणीस वर्षांची मुलगी उंच पाठीच्या खुर्चीत बसलेली. काठाची साडी, शेजारी तिवईवर पितळी फुलदाणी, एक हात खुर्चीवर, एक मांडीवर. काचेवर कुंकू आणि चंदनाच्या सालपटांचा हार. ही अप्पांची धाकटी बहीण, माझी आत्या गंगाबाई. एकसष्ट साली तापानं गेली, असं मला सांगितलेलं. दर शुक्रवारी ती काच पुसायची आणि पुढे दिवा लावायचा, हे काम माझं. मला त्या फोटोची भयंकर भीती वाटायची. डोळ्यांची. ते उघडे होते, पण कुणाकडे बघत नव्हते. मोठी झाल्यावर जवळून पाहिलं, तर ते डोळे कुंचल्यानं काढलेले! आतली पापणी मिटलेली होती आणि तिच्यावर कुणीतरी बुबुळं रंगवली होती.

पुढे मी शिष्यवृत्तीवर एक वर्ष अमेरिकेला गेले. तिथल्या एका ग्रंथालयात काळ्या लोकांच्या घरचे जुने फोटो खोक्यांतून भरून ठेवलेले होते. त्यांत मृतांचे फोटो होते. मेलेल्या माणसाला चांगले कपडे घालून, सजवून, शेवटचा फोटो काढायचा. काही फोटोंत मिटलेल्या डोळ्यांवर डोळे काढलेले. मी खोकं बंद केलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. घर आठवून मला रडू कोसळलं. आपल्याकडेही मेलेल्याला खुर्चीत बसवून फोटो काढायचा रिवाज होताच, म्हाताऱ्या मंडळींनी पाहिला असेल. मला वाटलं, आपल्या आत्याला असंच खुर्चीत बसवलं असणार.

त्यावर मी लेख लिहिला. तो गाजला. त्याचं पुस्तक झालं, मुखपृष्ठावर आत्याचा फोटो आला. वर्तकसर, तुम्ही मघाशी ज्या प्रकरणाची इतकी सुंदर स्तुती केलीत, 'मृत्यूच्या डोळ्यांत डोळे घालणारं' असं म्हणालात, ते हेच. त्यात मी तीन पुरावे दिले होते. डोळे रंगवलेले. मान खुर्चीच्या पाठीला टेकून ताठ. आणि मांडीवरचा हात मुठीत आवळलेला. मुलांना मी वर्षानुवर्षं एकच शिकवलं: फोटो वाचा, घरच्यांना विचारू नका, घरचे लपवतात. मीही विचारलं नाही. फोटो कधी काढला, कुणी काढला, हा एक साधा प्रश्न मी अप्पांना कधी केला नाही. पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं तेव्हा त्यांनी मुखपृष्ठ खांद्यावरच्या पंच्यानं पुसलं, पुस्तक कपाटावर ठेवलं, आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, बहिणीच्या आठवणीनं व्याकूळ झालेत. मोठी अभ्यासक ना मी!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एम.ए.चा वर्ग, दुपारचे अडीच. दरवर्षीप्रमाणे मी पडद्यावर तो फोटो लावला आणि म्हटलं, "नीट बघा. ही मुलगी मेलेली आहे." तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसली होती, जननी. दारासुरमची, सावळी, कधी तोंड न उघडणारी. ती उभी राहिली. म्हणाली, "मॅम, ही माझी पाट्टी आहे." पाट्टी म्हणजे आजी हो, वर्तकसर. "आमच्याकडे तिचा दुसरा फोटो आहे, लग्नानंतरचा. हीच आहे ती. आज सकाळी तिनं मला दहीभात बांधून दिला."

वर्ग खो खो हसला. आणि मी काय केलं असेल? मी तिला पटवून द्यायला लागले! डोळे बघ, मान बघ, मूठ बघ. तिची आजी मेलेली आहे हे मी तिला तीन पुराव्यांनी सिद्ध करून दाखवलं. ती पोर बिचारी ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "सेरी, मॅम," म्हणजे बरं, आणि खाली बसली. डब्यातला दहीभात तिनं खाल्ला की नाही, मला माहीत नाही.

वर्ग सुटल्यावर मी हजेरीची कार्डं काढून बसले. जननीच्या हजेरीच्या कार्डावर आजीचं नाव नव्हतं, पण आजोबांचं नाव होतं. माझ्या आईला मरायच्या आधी भ्रम झाला होता, त्यात ती एक नाव सारखं घ्यायची, 'रामलिंगाला बोलवा, रामलिंगाला बोलवा'. कोण रामलिंग, आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. जननीच्या आजोबांचं नाव रामलिंग.

आता सगळ्यात वाईट भाग सांगते. तो सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. त्याच महिन्यात माझ्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघत होती. छापण्याआधीची पानं तपासायला माझ्याकडे आली होती. मुखपृष्ठावर तोच फोटो, खाली ओळ: मृत्यूनंतर काढलेला. मला तोवर कळलेलं होतं. मी ती पानं तपासली, दोन स्वल्पविराम दुरुस्त केले, आणि सही करून परत पाठवली. स्वतःशी म्हटलं, खात्री कुठं झाली आहे? दारासुरम माझ्या घरापासून टाऊन बसनं वीस मिनिटांवर. खात्री करायला मला सात महिने लागले.

शेवटी जननीच मला तिच्या स्कूटीवर बसवून घेऊन गेली. पुढच्या खोलीत माग, मागच्या पडवीत एक म्हातारी रहाटावर रेशीम भरत बसलेली. तिनं मान वर केली, आणि, काय सांगू तुम्हाला, अण्णा, आजीचा चेहरा! हुबेहूब. भिंतीवरच्या ज्या मुलीला मी लहानपणी घाबरायचे, ती म्हातारी होऊन माझ्याकडे बघत होती. आणि या वेळी डोळे खरे होते.

"ये. बैस," म्हणाली. "तुजला येण्यास फार वेळ जाहला."

तिची मराठी ऐकलीत? सासरी कोण्ही मराठी बोलणारं नव्हतं. त्यांची घरची बोली वेगळी, बाहेर तमिळ. मराठीत ती फक्त विठोबाशी बोलायची आणि रहाट फिरवताना स्वतःशी. त्यामुळं तिची मराठी एकोणीस वर्षांच्या मुलीचीच राहिली होती, आपल्या आजीपणजीच्या शब्दांची. ब्याण्णव साली आजी गेली तेव्हा जे शब्द आमच्या घरातून गेले, ते सगळे त्या पडवीत होते.

मी तिच्या पाया पडले. म्हटलं, "आत्या, मी फार वाईट लिहिलं तुमच्याबद्दल."

"वाईट कोठे?" ती म्हणाली. "जननीनं मजला सारं वाचून, तमिळमध्ये सांगितलं. छान लिहिलंस की. मी मेले म्हणून एवढं घरात कोण्ही रडलं नव्हतं."

मग तिनं हकीकत सांगितली. तिला पाहायला तिरुवारूरचं स्थळ येणार होतं, त्यांना आधी फोटो पाठवायचा होता. स्टुडिओत दिवा लखकन पेटला आणि तिचे डोळे मिटले. दुसऱ्यांदा फोटो काढायचा त्रास नको म्हणून फोटोवाल्यानं घरी बसून डोळे काढले. बस, एवढंच. लग्नासाठी काढलेला फोटो होता तो! वर्गात मी दोन तऱ्हेचे फोटो शिकवत होते, लग्नासाठी धाडलेले आणि मेल्यावर काढलेले. आणि आपल्या घरातला फोटो कुठल्या ढिगातला, हे मला ओळखता आलं नाही. मान ताठ का, तर आई शेजारी उभी राहून 'नीट बैस' म्हणत होती. मूठ का आवळलेली, तर मुठीत रामलिंगानं दिलेला रेशमाचा तुकडा होता, कुठल्या रंगाची साडी विणू ते सांगायला दिलेला. तो घरी साड्या दाखवायला यायचा. फोटो काढल्यावर चार दिवसांनी त्या दोघांनी साक्कोट्टैच्या शिवालयात एकमेकांना माळ घातली.

पुढचं तुमच्यातल्या तीन-चार जणांना माहीत आहे. मंडळी जमली. तिच्या नावानं घागर फोडली, सगळ्यांनी आंघोळी केल्या, आणि ती मेली असं ठरवलं. तिचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं. त्यानंतर स्टुडिओतून फोटो आला. स्थळाला पाठवायचा प्रश्नच नव्हता, म्हणून अप्पांनी त्याला हार घातला. आणि पुढच्या वर्षापासून मार्गशीर्ष वद्य पंचमीला तिचं श्राद्ध. अप्पांनी केलं, अप्पांनंतर अण्णांनी केलं, एक वर्ष चुकलं नाही. हे मी तिला सांगायला गेले तर ती हसली. म्हणाली, "मजला ठाऊक आहे. त्या दिवशी मी घरात पायसम करते आणि दोन वाट्या खाते. आधी भाऊ, आता भाचा दरसाल कावळ्यास वाढतो, मजला काही पोचत नाही. कावळा मात्र बरा पोसला गेला."

ती इथंच राहत होती हो. आपल्याच बाजारातून भाजी नेत होती. आणि वर्षातून एकदा, आपली वार्षिक सभा गोविंदपुरमला विठोबाच्या देवळात व्हायची तेव्हा, ती यायची. बायकांच्या मागं, खांबाआड बसायची. भजन ऐकायची, आणि दिवंगतांची यादी वाचली की उठून जायची. तेवढ्यासाठीच यायची ती. आपली आई गेली हे तिला त्या यादीतून कळलं. थोरला भाऊ गेला, यादीतून कळलं. अप्पा गेले, यादीतून कळलं. मी विचारलं, "मग घरी का नाही आलात?" तर म्हणाली, "मेलेलं माणूस सुतकात कसं येईल, पोरी?"

निघताना मी म्हटलं, "आत्या, मी काय करू तुमच्यासाठी?" मला वाटलं, पुस्तक मागं घे म्हणेल, फोटो उतरव म्हणेल. ती म्हणाली, "फोटो असू दे. मी चांगली दिसते त्यात. मेल्यावर माझं नाव तुमच्या यादीत वाचा. मी सगळ्यांची ऐकली. माझं कोण्ही तरी ऐको."

मी म्हटलं, "मेल्यावर कशाला? तुम्ही जिवंत असतानाच मी सभेत उभी राहून सांगते." तिचा चेहरा असा उजळला! "खरंच सांगशील? मी येऊन खांबाआड बसेन." मी वचन दिलं, माझ्या सत्काराच्या दिवशी सांगते.

हा सत्कार खरं तर जूनमध्ये व्हायचा होता. सेतुरामांना विचारा, तो दोनदा पुढं कुणी ढकलला. मी. एकदा म्हटलं पाठ धरली आहे, एकदा म्हटलं पाहुण्यांना सोयीचं नाही. वर्तकसर, तुम्हाला जून सोयीचा होता. मला सोयीचा नव्हता. मला भीती वाटत होती. तीस वर्षांत कमावलेलं नाव एका दुपारी हसण्यावारी जाईल याची. अण्णांची. तुमची सगळ्यांची. मी दर पंधरवड्याला आत्याकडे जायचे, आणि दर खेपेला ती विचारायची, "जाहली का तुझी सभा?" आणि मी तारीख पुढची सांगायचे.

गेल्या महिन्याच्या एकोणीस तारखेला ती गेली. दुपारी जेवली, पडवीत आडवी झाली, आणि उठली नाही.

मी पोचले तेव्हा तिला पुढच्या खोलीत, मागापाशी, ठेवलं होतं. मी जवळ बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. आयुष्यभर मी मृतांचे फोटो शिकवले, पण आपल्या माणसाचा मेलेला चेहरा इतका वेळ कधी पाहिला नव्हता. आणि मग मला कळलं की त्या फोटोत मेलेलं काही नव्हतंच. घरी येऊन मी हार काढून फोटो उजेडात धरला. ओठांच्या कोपऱ्यात बघा, ती मुलगी हसू दाबते आहे. साठ वर्षं ती आमच्या भिंतीवर हसू दाबून बसली होती, आणि आम्ही तिच्यापुढं दिवा लावत होतो.

आणखी एक सांगते, मग थांबते. जननीनं मला तेराव्याच्या दिवशी विचारलं, "मॅम, तुमच्या लग्नाचा आल्बम आहे का? पाट्टी म्हणायची, ती तुमच्या लग्नाला आली होती." मी आल्बम काढला. वर्गात वापरायचं भिंग घेतलं. चार फोटोंत ती आहे. मांडवाच्या दाराबाहेर, उसाच्या गाड्याजवळ, चपला काढून ठेवतात तिथं. एका फोटोत मी आणि माझे यजमान हसतोय, आणि आमच्या खांद्यांच्या मधून ती दिसते, सरळ माझ्याकडे बघत. पस्तीस वर्षं तो आल्बम माझ्या कपाटात आहे. परक्या मुलखातल्या फोटोंत मागं कोण उभं आहे ते शोधून काढल्याबद्दल मला शाली मिळाल्या. हल्ली मी तो आल्बम बंद करून झोपते, तरी ती मला दिसते. आता मला कुठलाही जुना फोटो उघडायची भीती वाटते; कोण कुठं उभं असेल, सांगता येत नाही.

म्हणून मी हार घेतला नाही. बापाच्या लग्न होऊन गेलेल्या बहिणीचं सुतक मला किती दिवस, हे मी कुणा शास्त्रीबोवांना विचारलेलं नाही. मी माझं धरलं आहे.

परवा मी सेतुरामांना म्हटलं, यादीत गंगाबाईंचं नाव घाला. ते पावम्, बिचारा भला माणूस, त्यांच्यावर राग नको. ते म्हणाले, "मॅडम, अध्यक्ष म्हणतात, त्यांचं दिवसकार्य एकसष्ट सालीच झालंय. एका माणसाला दोनदा कसं मारायचं?" अण्णा, तुमचा मुद्दा मला कळतो. तुम्ही तेव्हा चौदा वर्षांचे होतात आणि ती घागर तुमच्या हातात दिली होती, हेही मला आत्यानंच सांगितलं. ती असंही म्हणाली की घागर तुम्हाला फोडवेना, मोठ्यांनी तुमच्या पायावर काठी मारली, तेव्हा फुटली. तिच्या मनात तुमच्याबद्दल काही नव्हतं. तिच्या मनात असायचं ते एवढंच, की भाचा किट्टा अजून गुळाचा चहा पितो का.

असो. मी फार वेळ घेतला. आचाऱ्यानं दारातून दोनदा डोकावून पाहिलं. मंडळानं माझा मान केला, वर्तकसरांनी माझ्या पुस्तकाबद्दल चार चांगले शब्द काढले, श्रीविद्या गायली, माझे विद्यार्थी आले, जननी आली. तुम्हा सर्वांची मी आभारी आहे. नव्या आवृत्तीच्या प्रकाशकांना मी काल पत्र लिहिलं, ती ओळ चुकीची आहे आणि चुकीची आहे हे मला ठाऊक होतं, असं दोन्ही लिहिलं. पुढं माझ्या नावाचं काय व्हायचं ते होवो. बोलण्यात कुठं अधिकउणं झालं असेल, वडीलधाऱ्यांचा अवमान झाला असेल, तर तुम्ही पोटात घाला. ज्या चुकीची क्षमा तुमच्याकडे नाही, ती मी तुमच्याकडे मागत नाही.

सेतुराम, कागद घ्या. अण्णांकडे बघू नका, कागदाकडे बघा. मी सांगते तसं लिहा. श्रीमती गंगाबाई रामलिंगम. माहेरच्या तंजावर घराण्यातल्या, राहणार दारासुरम. दोन मुलगे, एक मुलगी, पाच नातवंडं. वय वर्षं एक्याऐंशी.

काय? अण्णा काहीतरी म्हणतायत. थांबा, थांबा, उठू नका अण्णा, गुडघा दुखतो तुमचा. शशांकराव, जरा हात द्या त्यांना. माइक इकडं करा.

काय म्हणालात?

बरं. ऐकलंत ना सगळ्यांनी? मागं ऐकू आलं नसेल, मी सांगते. अण्णा म्हणतायत, एक्याऐंशी चूक आहे. गंगा माझ्याहून पाच वर्षांनी मोठी होती, ब्याऐंशी लिहा.

ब्याऐंशी लिहा, सेतुराम. आणि अण्णा उभेच आहेत, तर आपणही सगळे उभे राहू या.